पेव न उघडता

परवा धाकट्या चुलतभावाशी फोनवर चांगलंच वाजलं. तो सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करतो. मी इंग्लंडमधल्या इप्सविचला राहते आणि जवळच्या फेलिक्स्टो बंदरात उतरणाऱ्या मालाची कागदपत्रं बघते. विषय निघाला भारताच्या नव्या बिल्स ऑफ लेडिंग कायद्याचा. तो संसदीय समितीकडे न जाताच मंजूर झाला, हे मला खटकतं, एवढंच मी म्हटलं. "ताई, १८५६चा कायदा बदलायला २०२५ उजाडलं," तो म्हणाला, "आता त्यावर आणखी समिती? समिती म्हणजे भिजत घोंगडं. तुम्ही तिकडे बसून बोलता, माल आमचा अडकतो."

माल अडकतो हे मला कुणी सांगायला नको. बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाज कंपनीने दिलेली माल चढवल्याची पावती. पण ती नुसती पावती नसते. मूळ प्रत ज्याच्या हातात रीतसर येते, तो माल मागू शकतो. माल समुद्रात असताना ती पाठीमागे सही करून विकता येते, बँकेकडे तारण ठेवता येते. आमच्या आजोबांना हे समजावायला दोन मिनिटंही लागली नसती. हरिपूरच्या पेवातली हळद पेव न उघडता कशी हातोहात विकली जायची, हे ते रंगवून सांगत. हळद जमिनीखाली जागच्या जागी, आणि मालक मात्र तीनदा बदललेला. हुंडी हरवली तर तिची 'पेठ', म्हणजे दुसरी प्रत, काढायची, तीही हरवली तर तिसरी, 'परपेठ', हे शब्द मी त्यांच्याच तोंडून ऐकले. जहाजाच्या बिलाच्याही तीन मूळ प्रती काढतात, त्या पाहिल्या की मला अजून पेठ-परपेठच आठवते.

दोनेक वर्षांपूर्वी हळदीचा एक कंटेनर आला. माल वेळेवर उतरला, कागद आले नाहीत. निर्यातदाराच्या बँकेने खरेदीदाराच्या बँकेला पाठवलेला लिफाफा कुरियरने इमानेइतबारे पोचवला, पण कधीच बंद झालेल्या शाखेच्या पत्त्यावर. लँडगार्डच्या टोकाला उभं राहिलं की बंदराच्या क्रेन समोर दिसतात. तो कंटेनर तिथेच कुठेतरी होता, त्यातलं प्रत्येक पोतं कुणाचं आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी अकरा दिवस डिमरेजचा, म्हणजे माल पडून राहिल्याच्या आकाराचा, मीटर पळत राहिला. मूळ प्रतीशिवाय माल सोडायचा तर बँकेची हमी हवी, आणि हमी द्यायला बँकेला आधी कागद बघायचे होते. शेवटी लिफाफा सापडला तेव्हा तीन पानांचं वजन पन्नास ग्रॅमही नसेल.

मग हे सगळं संगणकावर का होत नव्हतं? तंत्रज्ञान होतं, अडचण कायद्याची होती. इंग्रजी कायद्यात 'ताबा' फक्त हाताला लागणाऱ्या वस्तूचा असतो. फाइलचा ताबा घेता येत नाही, म्हणून ती सुपूर्दही करता येत नाही. बिल ऑफ एक्स्चेंजचा, म्हणजे इथल्या हुंडीचा, कायदा १८८२चा, त्याला ईमेलची कल्पना असणं शक्यच नव्हतं. आणि जगभरचे कितीतरी वाहतूक करार, भारतीय निर्यातदारांचेही, इंग्रजी कायद्याखाली होतात. म्हणजे लंडनची ही अडचण सांगलीच्याही गळ्यात.

ती सोडवणारा ब्रिटनचा इलेक्ट्रॉनिक ट्रेड डॉक्युमेंट्स कायदा २० सप्टेंबर २०२३ला लागू झाला. जेमतेम सात कलमांचा. त्याआधी कायदा आयोगाने मार्च २०२२मध्ये अहवाल आणि मसुदा दिला होता, आणि ऑक्टोबरमध्ये विधेयक हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये आलं. राजकीय वाद नसलेल्या अशा विधेयकांसाठी तिथे खास समिती बसते आणि ती साक्षी घेते. माजी सरन्यायाधीश लॉर्ड थॉमस अध्यक्ष होते. कायदा आयोगाची मंडळी, व्यापारी संघटना, वकील असे लोक समोर. हे सगळं उघड्यावर, कुणालाही बघता येईल असं. मी जेवणाच्या सुट्टीत डबा खात मोबाइलवर थोडं पाहिलं. कंटाळवाणं होतं, हे आधीच सांगते.

पण त्या कंटाळ्यातच खरा प्रश्न होता. इलेक्ट्रॉनिक दस्ताला कागदाचा दर्जा मिळायचा तर तो 'विश्वासार्ह प्रणाली'वर हवा. मूळ दस्त कोणता ते ओळखता आलं पाहिजे, परस्पर बदल होता कामा नये, एका वेळी एकाच्याच हातात नियंत्रण हवं, आणि दुसऱ्याला दिला की पहिल्याचा हक्क संपला पाहिजे. आता विश्वासार्ह म्हणजे काय, आणि ते ठरवणार कोण? प्रणाली चालवणारी कंपनी, बँक, की खटला उभा राहिल्यावर न्यायाधीश? माझ्यासारख्या कारकुनी करणाऱ्या बाईला रोज पडणारा प्रश्न तिथे मोठमोठ्या वयस्कर लोकांना पडलेला बघून बरं वाटलं.

सगळं मिळून, अहवालापासून अंमलबजावणीपर्यंत, दीड वर्ष. हे मी भावाला सांगितलं. तो म्हणाला, "आणि तुमच्याकडे अजून तीन प्रती कुरियरनेच येतात." हे खरं आहे. जगातल्या नऊ बड्या जहाज कंपन्यांनी २०३०पर्यंत सगळी बिलं इलेक्ट्रॉनिक करण्याचं २०२३मध्ये जाहीर केलं, पण माझ्या टेबलावर अजून कागदच जास्त असतो. आणि हो, इथली बँक मला महत्त्वाची गोष्ट अजून पोस्टाने कळवते, तर सांगलीत भाजीवालीसुद्धा क्यूआर कोड पुढे करते. डिजिटल वेगात इंग्लंडने भारताला शिकवावं असं काही नाही.

भारतात हा कायदा १० मार्च २०२५ला लोकसभेत आणि २१ जुलैला राज्यसभेत मंजूर झाला. त्याच संध्याकाळी उपराष्ट्रपती धनखडांनी राजीनामा दिला, त्यामुळे बिल ऑफ लेडिंगवर चर्चा करायला घराघरात कुणाला सवड नव्हती. जुन्या कायद्याची भाषा साफसूफ झाली, ते बरंच झालं. पण इलेक्ट्रॉनिक बिलाचा त्यात स्पष्ट उल्लेख नाही. म्हणजे पेवाच्या तोंडाची माती बदलली, आतली वाट तशीच. एखाद्या समितीने न्हावाशेव्याच्या चार क्लिअरिंग एजंटांना आणि दोन बँकवाल्यांना बोलावलं असतं, तर हे पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी विचारलं असतं.

पूर्वी असं बोलावणं जास्त होत होतं. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली, सतराव्या लोकसभेत १६ टक्के. भावाचाही मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. मोठ्या बंदरांच्या प्राधिकरणांचं विधेयक २०१६मध्ये आलं, समितीकडे गेलं आणि कायदा व्हायला २०२१ उजाडलं. पण समितीचा अहवाल २०१७मध्येच आला होता. पुढची चार वर्षं तिच्या नावावर का टाकायची?

मला समिती असणं-नसणं यापेक्षा तिचं दार जास्त सलतं. लोकसभेच्या नियमांप्रमाणे समित्यांच्या बैठका खासगी असतात. साक्षीदार काय बोलला हे अहवाल सभागृहात येईपर्यंत बाहेर फुटता कामा नये. १९६४पासून सार्वजनिक उपक्रमांची समिती आहे, लोकलेखा समिती तर १९२१ची, आणि १९६७पासून तिचं अध्यक्षपद विरोधकांकडे देण्याची चांगली प्रथा आहे. माणसं कष्टाळू असतात, अहवाल जाडजूड असतात. पण सरकारी कंपनीच्या अध्यक्षाला कोणता प्रश्न विचारला तेव्हा तो अडखळला, हे आपण कधीच बघत नाही.

दार उघडं म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. इथलं पोस्ट ऑफिस सरकारी मालकीचं. त्याच्या होरायझन नावाच्या संगणक प्रणालीत हिशेब चुकायचे आणि खापर फुटायचं पोस्ट चालवणाऱ्या दुकानदारांवर. नऊशेहून जास्त लोक दोषी ठरले, त्यांत आपल्याकडून आलेली कुटुंबंही बरीच. सीमा मिश्रा या गरोदरपणात तुरुंगात गेल्या. संगणक बरोबरच चालत होता असं इथलं न्यायालय धरून चालायचं, चूक दाखवायची ती आरोपीने. फेब्रुवारी २०१५मध्ये खासदारांच्या समितीने पोस्टाच्या मुख्याधिकाऱ्यांना समोर बसवून उघड विचारलं होतं. प्रणाली ठीक आहे, असं उत्तर मिळालं आणि गाडी पुढे गेली. प्रणाली सदोष असल्याचा न्यायालयाचा निकाल २०१९मध्ये आला, या प्रकरणावरच्या टीव्ही मालिकेने देश हलला तो जानेवारी २०२४मध्ये, आणि मग त्याच महिन्यात प्रणाली बनवणाऱ्या फुजित्सूचे अधिकारी खासदारांसमोर माफी मागताना दिसले. नऊ वर्षं वाया गेली. फक्त २०१५ची ती उत्तरं नोंदलेली होती, चित्रफितीसकट, म्हणून नंतर कुणाला "आम्ही असं म्हणालोच नव्हतो" म्हणता आलं नाही.

हळदीच्या पावतीचा याच्याशी संबंध काय, असं भावाने विचारलं. कागद हातात असतो तेव्हा खाडाखोड डोळ्यांना दिसते. तोच दस्त प्रणालीत गेला की मालक कोण हे सर्व्हर सांगणार आणि आपण मान डोलावणार. फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात भारतट्रेडनेट जाहीर झालं आहे, व्यापाराची कागदपत्रं आणि अर्थपुरवठा एका ठिकाणी आणणारं. मला ते मनापासून हवं आहे. त्यात उद्या एखादी पावती दोघांच्या नावावर दिसली तर चुकीचं खापर सर्व्हरवर फुटणार की व्यापाऱ्यावर, हे सुरू होण्याआधी चारचौघांत विचारलं जावं, इतकंच.

राज्यसभेत विधेयक मंजूर झालं त्याच आठवड्यात, २४ जुलैला, भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. कागदविरहित व्यापाराची कलमं त्यातही आहेत. इथे २०१०च्या कायद्याप्रमाणे असा करार मंजुरीआधी संसदेच्या कामकाजाचे २१ दिवस सभागृहासमोर ठेवावा लागतो, आणि समित्या त्यावर साक्षी घेतात. भारतात मंत्रिमंडळाची मान्यता पुरते. कराराचा एकच मजकूर, त्यावर सांगलीच्या हळदवाल्याचं म्हणणं ऐकायची सोय लंडनमध्ये आहे, दिल्लीत नाही. हे मी बोलले तेव्हा भाऊ पहिल्यांदा गप्प झाला. मग म्हणाला, "मला बोलावतील का तिकडे?" लेखी निवेदन कुणालाही पाठवता येतं, मी म्हटलं. इंग्रजी तू बघ, तो म्हणाला, आणि सौद्याची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

त्याचा कंटेनर पुढच्या महिन्यात फेलिक्स्टोला लागतोय. कागद कुरियरनेच येणार आहेत. पत्ता मी दोनदा तपासून पाठवलाय.