बाझलमध्ये पाकीट अडकतं

बाझल शहर स्वित्झर्लंडमध्ये, पण त्याचा विमानतळ फ्रान्समध्ये. बाहेर पडायला दोन वाटा, एक स्विस, एक फ्रेंच. ‘तिकडे गर्दी कमी दिसतेय’ म्हणत सासरेबुवा फ्रेंच वाटेने निघालेच होते. सौ.ने त्यांचा शर्ट पकडला म्हणून कुटुंब एकाच देशात राहिलं.

शहरात सीमा अशी दिसतच नाही. ८ नंबरची ट्रॅम जर्मनीतल्या वाइल-आम-ऱ्हाईनला जाते, ३ नंबरची फ्रान्समधल्या सँ-लुईला. पासपोर्ट सहसा कोणी विचारत नाही. विचारतो तो मोबाइल! ‘जर्मनीत स्वागत’, लगेच ‘फ्रान्समध्ये स्वागत’. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे स्वस्तातल्या रोमिंग पॅकमध्ये ते बऱ्याचदा धरलेलं नसतं. हॉटेल नेमकं तिथेच. सौ. रात्री खिडकीतून हात बाहेर काढून फ्रान्सची रेंज शोधायची.

शनिवारी ८ नंबरमध्ये बाझलकर रिकाम्या पिशव्या घेऊन चढतात आणि भरलेल्या घेऊन परततात. पलीकडे सगळं स्वस्त, शिवाय ५० युरोंच्या वर खरेदी झाली की जर्मन कर परत मिळतो. त्यासाठी कस्टमचा हिरव्या कागदावर शिक्का घ्यायचा. एवढ्या श्रीमंत देशातली माणसं दूध-चीजसाठी देश ओलांडतात हे पाहून सासरेबुवांना मनापासून बरं वाटलं. दुपारभर त्यांनी कशाचेही रुपये केले नाहीत.

तीन देशांचा संगम पाहायला गेलो. धक्क्यावर उंच खांब, त्याच्याभोवती फोटोची झुंबड. खरा त्रिबिंदू ऱ्हाईनच्या मधोमध आहे, असं मी सांगितलं.

‘मग हा खांब कशाला?’

‘फोटोसाठी.’

सासरेबुवा खांबाकडे पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी पाण्याचाच फोटो काढला.

तीन देश कमी पडले म्हणून की काय, बाझलचे दोन काठही चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे एकमेकांना डिवचतात. मधल्या पुलापाशी मोठ्या बाझलच्या बाजूला एका राजाचं मुंडकं आहे, ते पलीकडच्या छोट्या बाझलला जीभ दाखवतं. पलीकडचे उट्टं काढतात जानेवारीत. त्यांच्या उत्सवातला ‘रानटी माणूस’ तराफ्यावर नाचत येतो, पण मोठ्या बाझलकडे पाठ करून.

नदी ओलांडायला होडी घेतली. तिला इंजिन नाही. दोन्ही काठांना ताणलेल्या तारेला ती बांधलेली असते आणि नुसत्या प्रवाहाच्या जोरावर पार जाते. सासरेबुवांनी सगळीकडे वाकून पाहून खात्री केली. मग नावाड्याला स्वच्छ मराठीत विचारलं, ‘डिझेल नाही, मग पैसे कसले?’

नावाडी गोड हसला आणि त्याने तिकिटं फाडली.