फ्लोराइडला विष म्हणत लिंबू-मिठानं दात घासू नका

कॉलनीच्या आणि मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. टूथपेस्टमधलं फ्लोराइड विष आहे, युरोपनं त्यावर बंदी घातलीय, आंबटानं झिजणाऱ्या दातांना त्याचा काडीचा उपयोग नाही. त्यापेक्षा आंबट खाल्ल्याबरोबर लिंबू-मीठ किंवा कोळशाची पूड घासा, असं त्यात म्हटलंय. कोल्हापुरात तो वाचून लोक पेस्ट टाकून द्यायला लागलेत, म्हणून हे लिहितोय.

फ्लोराइडचा त्रास खोटा नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या जादा फ्लोराइडनं मुलांच्या दातांवर डाग पडले, माणसांची हाडं आखडली. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं तुरटी आणि चुना वापरून ते काढायची नळगोंडा पद्धत याचसाठी तयार केली. पण ते वर्षानुवर्षं पोटात गेलेलं पाणी. आपल्याकडे पेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंतच फ्लोराइड चालतं, म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये जास्तीत जास्त एक मिलिग्रॅम. ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट घेतली तर पाव मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तीही आपण थुंकतो. लहान मुलं गिळतात, हे खरं. तीन वर्षांखालच्यांना तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी द्या आणि शेजारी उभे राहा.

युरोपची बंदी तर धादांत खोटी. तिथं पेस्टमध्ये १५०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे, आपल्या दीडपट. तिथले अनेक देश नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळत नाहीत, एवढंच.

आता मुख्य मुद्दा, आंबटाचा. तोंडातला पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा (तो जितका कमी, तितकं आम्ल तीव्र), साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, विरघळायला लागतं. लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट ते थोडंफार भरून काढतात. त्या वेळी फ्लोराइड हजर असेल तर नव्यानं बसणारं खनिज जास्त चिवट होतं, पीएच साधारण ४.५ पर्यंत उतरला तरी टिकतं. मग उपयोग नाही कसा? मात्र लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५, कोलाचाही २.५ च्या जवळपास. एवढ्या तीव्र आम्लापुढे नुसतं फ्लोराइड पुरं पडत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. स्टॅनस फ्लोराइड, म्हणजे कथिल असलेलं फ्लोराइड, त्याच्या पेस्टनं दातावर बसणारा कथिलाचा थर आम्लाला जास्त दाद देत नाही, म्हणून वारंवार दात आंबत असतील तर ती घ्यावी का, हे दंतवैद्याला विचारा. फ्लोराइडची पेस्ट आहे म्हणून दिवसभर लिंबू-सोडा घोट घोट पीत बसणं मात्र चुकीचंच.

लिंबू-मिठाचा सल्ला सगळ्यात घातक. मिसळीवर लिंबू पिळणं वेगळं. ती लाळेबरोबर, जेवणाबरोबर खाली जाते. इथं आम्लानं दात मऊ करायचा आणि लगेच त्यावर मिठाचे खडे फिरवायचे. कोळशाची पूडही तशीच खरवडते. दात चार दिवस पांढरे दिसतात आणि लोक खूश होतात. पण गेलेलं एनॅमल परत उगवत नाही, ते तयार करणाऱ्या पेशी दात येईपर्यंतच असतात.

‘लगेच घासा’ हेही उलटं. आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरा, अर्धा-एक तास थांबा, मग ब्रश. रंकाळ्यावर फिरून आल्यावर कोमट लिंबूपाणी घेणाऱ्यांनी ब्रश आधीच उरकावा, आणि ते पाणी तोंडात घोळवू नये. रात्री झोपताना फ्लोराइडची पेस्ट वापरून फक्त थुंका, भरपूर पाण्यानं तोंड धुऊ नका. तेवढं फ्लोराइड दातांवर राहू द्या.

आणि वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजली असेल, सोबत छातीत जळजळ होत असेल, तर पोटातलं आम्ल वर येत असण्याची शक्यता आहे. अशा वेळी दंतवैद्याबरोबर पोटाच्या डॉक्टरांनाही दाखवा. मेसेजमध्ये याबद्दल एक अक्षर नाही.