गाळ नंतर काढा, आधी 80जी काढा!

दहा-बारा जणांचा ग्रुप आहे, रविवारी गडावर जाऊन टाक्यातला गाळ उपसताय, घमेली-फावड्यांचे पैसे वर्गणी काढून जीपे करताय आणि दुपारी पिठलं-भाकरी हाणून घरी. असं किती दिवस चालणार? संस्था रजिस्टर करा, 12ए घ्या (म्हणजे संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी), 80जी घ्या (म्हणजे देणगीदाराला करसवलत). त्याशिवाय समाजसेवेला वजन येत नाही राव.

सुरुवात एकदम सोपी. 1860 च्या संस्था नोंदणी (सोसायटी) कायद्याला किमान सात सभासद लागतात, पाचच तयार असतील तर वहिनी आणि मेव्हण्याचं आधार कार्ड मागवा, कशाला ते नंतर सांगा. आपल्या महाराष्ट्रात मात्र तेवढ्यावर भागत नाही, 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे पण नोंद, म्हणजे फाईल एक नाही, दोन. खजिनदाराची बदली झाली, दुसरा घेतला? 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज, धर्मादाय आयुक्तांकडे. तो मंजूर होईपर्यंत दुसऱ्याचीही बदली होईल, हरकत नाही, आणखी एक टाका.

मग इन्कम टॅक्स. 12ए-80जीची आधी तात्पुरती नोंदणी 3 वर्षांची, मग पक्कीसाठी परत अर्ज. दरवर्षी 31 मेच्या आत देणगीदारांची यादी पॅन नंबरसकट ऑनलाइन चढवायची, चुकलं तर दिवसाला 200 रुपये लेट फी. घाबरू नका, ही फी देणगीच्या रकमेपेक्षा जास्त होत नाही, म्हणजे फार तर सगळी देणगीच जाईल. दंड वेगळा.

आणि देणगीदाराचं कल्याण बघा ना! काकांनी 500 रुपये दिले, त्यातले निम्मे म्हणजे 250 उत्पन्नातून वजा, 20 टक्क्याच्या स्लॅबमध्ये असतील तर वाचले रोख 50 रुपये. नव्या टॅक्स रिजीममध्ये असतील तर शून्य, आणि हल्ली काही निवडलं नाही की नवीच लागू होते. पण पावतीवर 80जी छापलेलं किती भारी दिसतं! (सीएची फी काकांना सांगू नका.)

कंपनीचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा पैसा, मिळेल म्हणता? मिळेल की, आधी 3 वर्षांचं काम दाखवा. खरंच लाखांनी पैसा येणार असेल, पगारी माणसं ठेवायची असतील तर हे सगळं करावंच लागतं, पण तुमचं वर्षाचं बजेट म्हणजे दोन दोरखंड आणि टेम्पोचं भाडं.

ग्रुपमध्ये एखादा शहाणा म्हणेलच, ओळखीच्या रजिस्टर्ड संस्थेबरोबर काम करू, वर्गणी तर काढतोयच. त्याला ताबडतोब काढून टाका. फक्त तो कार्यकारिणीत नाही ना ते बघा, नाहीतर परत चेंज रिपोर्ट.