आधी पोराची रॅम तरी विचारा!

दरवर्षी तेच. नाशकात सिडकोतलं नाहीतर सातपूरचं एखादं पोरगं घरातल्या जुन्या लॅपटॉपवर हौसेनं उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट लिनक्स सिस्टिम) टाकतं आणि विचारतं, "दादा, सी प्रोग्रामिंग शिकायला कोणता आयडीई घेऊ?" आयडीई म्हणजे कोड लिहून चालवायचं सॉफ्टवेअर. झालं! एक म्हणतो विम, दुसरा इमॅक्स, तिसरा एक्लिप्सवर अडून बसतो. अरे, त्याच्याकडे रॅम किती, हे कुणी विचारलं का? एक्लिप्स जावावर चालतो. सोबत ब्राउझर उघडला की 4 जीबीचा लॅपटॉप मान टाकतो.

परवा एकीनं व्हीएस कोड हा एडिटर फ्लॅटपॅकमधून (लिनक्सवर ॲप टाकायची एक पद्धत) घेतला. त्यातल्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) क्लँग, म्हणजे सी कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारा कंपायलर, टाइप केला, तर 'कमांड नॉट फाउंड'. बाहेरच्या टर्मिनलमध्ये मात्र तोच क्लँग झकास चालतोय! फ्लॅटपॅकचं ॲप सँडबॉक्समध्ये, म्हणजे सिस्टिमपासून वेगळ्या बंदिस्त जागेत चालतं, त्याला सिस्टिमवरचा कंपायलर आपोआप दिसत नाही, एवढंही तिला कुणी सांगितलं नव्हतं. पोरगी रडकुंडीला आली. तिला वाटलं, आपल्यालाच जमत नाही. याचा मला खरंच संताप येतो.

जीनी हा साधा आयडीई सुचवा ना! 2005 पासून आहे, हलका आहे, आणि जीसीसी हा कंपायलर असला की एफ9 ला बिल्ड (प्रोग्राम तयार), एफ5 ला रन. बिल्ड-एसेन्शियल (यातच जीसीसी येतं) आणि जीनी, दोन्ही उबुंटूच्या एकाच ॲप्ट (सॉफ्टवेअर टाकायच्या) कमांडमध्ये येतात. त्याच संध्याकाळी पहिला प्रोग्राम चालतो.

विम उत्तमच आहे, मी रोज वापरतो. पण पोराला आधी फॉर लूप तरी लिहू द्या! आपली आवड त्याच्या गळ्यात कशाला मारता?