मिशिगनचं जेतेपद कुणीही काढून घेतलेलं नाही

‘मिशिगन विद्यापीठाचा महाघोटाळा! खुणा चोरून २०२३चं फुटबॉल जेतेपद मिळवलं, आता ते काढून घेतलं. कोच पळाला. अशा विद्यापीठाच्या डिग्रीला काय किंमत?’ हा मेसेज आमच्या दाजींनी फॅमिली ग्रुपवर टाकला. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, तिथेच मास्टर्सला जायचं म्हणतेय. आता घरात फॉर्म भरायचा की नाही यावर खल चाललाय. वैताग आला म्हणून लिहितोय.

डिग्रीचं आधी उरकतो. शिक्षा केली एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम बघणाऱ्या संस्थेने, आणि ती फुटबॉल (आपला नव्हे, हातात चेंडू घेऊन पळायचा अमेरिकन फुटबॉल) विभागाला व त्याच्या कोचना. प्राध्यापक, प्रयोगशाळा, परीक्षा यांचा त्या निकालपत्रात विषयच नाही. पुढे.

‘जेतेपद काढून घेतलं’ हे सरळ खोटं आहे. १५ ऑगस्ट २०२५चा निकाल कुणीही वाचावा. जबर दंड आहे, प्रोबेशन आहे, माणसांवर बंदी आहे. पण एकही विजय रद्द नाही. विजय सहसा रद्द होतात ते अपात्र खेळाडू मैदानात उतरवला तर. सदर्न कॅलिफोर्नियाच्या २००४च्या संघाचं तसं झालं होतं. मिशिगनवर तो आरोपच नव्हता. शिवाय या स्तरावरचं जेतेपद एनसीएए देत नाही, ते कॉलेज फुटबॉल प्लेऑफ या वेगळ्या बाद फेरीच्या स्पर्धेचं असतं.

आता मुख्य मुद्दा, खुणांचा. कॉलेज फुटबॉलमध्ये तेव्हा हेल्मेटमध्ये रेडिओ नव्हता (तो आला २०२४ला), त्यामुळे पुढची चाल कोच बाहेरून हातवारे करून, चित्रांचे फलक दाखवून कळवायचे. सामना चालू असताना समोरच्याच्या खुणा ओळखणं नियमात बसतं. बॉलरची पकड बघून चेंडू ओळखावा, तसंच ते. पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या सामन्याला आपली माणसं पाठवून टेहळणी करण्यावर मात्र १९९४पासून बंदी आहे. मिशिगनच्या संघाचा कर्मचारी कॉनर स्टॅलियन्स नेमकं तेच करत होता, माणसांचं जाळं उभारून, तीन मोसम. पुढे त्याने स्वतःचा फोन तळ्यात फेकला, हेही निकालात आहे. म्हणजे लबाडी झाली, आणि २०२१ आणि २०२२मध्ये कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटवर मिळवलेल्या विजयांवरचा संशय पुसला जाणार नाही. एवढं कबूल, नाइलाजाने.

पण मेसेज म्हणतो की २०२३चं जेतेपद खुणांमुळे मिळालं. जरा तारखा बघा की! प्रकरण फुटलं ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. तोवर सात सामने झाले होते, आणि त्यातल्या एकाही संघाला मिशिगनविरुद्ध दहाच्या वर गुण करता आले नव्हते. मोसमातले अवघड सामने सगळे त्यानंतरचे. स्टॅलियन्स घरी, देशभर बोभाटा, समोरच्या प्रत्येक कोचला खुणा बदलायची पूर्ण संधी. १० नोव्हेंबरला ‘बिग टेन’ने, म्हणजे मिशिगन ज्या विद्यापीठ-गटात खेळतं त्याने, मुख्य कोच जिम हार्बॉ यांना नियमित मोसमातल्या उरलेल्या तिन्ही सामन्यांसाठी बाहेर बसवलं. दुसऱ्याच दिवशी पेन स्टेटच्या मैदानावर सहायक कोच शेरॉन मूर यांनी सूत्रं घेतली आणि काय केलं? ओळीने ३२ चाली चेंडू घेऊन नुसतं पळवलं. फेकून पास नाहीच. पुढे काय येतंय हे स्टेडियममधल्या पॉपकॉर्नवाल्यालाही ठाऊक होतं, तरी अडवता आलं नाही. २४-१५.

मग ओहायो स्टेट ३०-२४. त्या सामन्यात मिशिगनच्या झॅक झिंटरचा पाय मोडला, आणि लगेच पुढच्या चालीला त्याचा सहकारी ब्लेक कोरम २२ यार्ड पळत टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं) करून आला. रोझ बोलमध्ये, म्हणजे उपांत्य सामन्यात, अलाबामाविरुद्ध जादा वेळेत, गोलरेषेपासून तीन यार्डांवर, शेवटच्या चालीत त्यांच्या क्वार्टरबॅक (चाल चालवणारा खेळाडू) मिल्रोला आडवं केलं, २७-२०. ८ जानेवारी २०२४ला ह्यूस्टनमध्ये अंतिम सामन्यात तोवर अपराजित असलेल्या वॉशिंग्टनला ३४-१३ लोळवलं. कोरम आणि डोनोव्हन एडवर्ड्स दोघेही शंभर यार्डांच्या वर पळाले. मोसमात १५ पैकी १५ विजय. यातली कुठली खूण चोरली होती, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

राहिला ‘कोच पळाला’. इथे मात्र मेसेज अगदीच खोटा नाही. जेतेपदानंतर महिन्याच्या आत हार्बॉ लॉस एंजेलिस चार्जर्स या व्यावसायिक संघाकडे गेले. नव्या खेळाडूंच्या भरतीतल्या जुन्या प्रकरणात त्यांना आधीच चार वर्षांची बंदी होती. या प्रकरणात दहा वर्षांची मिळाली, आणि ती सुरू होणार ऑगस्ट २०२८ला, पहिली संपल्यावर. दोन्ही बंद्या फक्त कॉलेजच्या खेळाला लागू. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये त्यांना कोण अडवतंय? दंड भरायचा मिशिगनने, आणि २०२५ व २०२६च्या मोसमोत्तर सामन्यांच्या उत्पन्नावर पाणी सोडायचं तेही मिशिगनने.