‘बायकोला छोटे रिव्हॉल्व्हरच घेऊन द्या’ या सल्ल्याचा प्रतिवाद

अमेरिकेतल्या बंदुकीच्या दुकानांत, नेमबाजीच्या रेंजवर आणि अलीकडे इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवरही एक सल्ला वर्षानुवर्षे जसाच्या तसा पुढे सरकत आला आहे. त्याचा आशय असा: ‘बायकोला अंगावर लपवून बाळगण्यासाठी पहिले शस्त्र घ्यायचे असेल, तर लहानसे, हलके, पाच गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर घ्या. तिचा हात लहान, म्हणून शस्त्रही लहान हवे. पिस्तुलाची स्लाइड (गोळी भरण्यासाठी मागे ओढायचा वरचा भाग) तिला ओढवत नाही. रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही आणि पर्समध्ये सहज मावते. तुम्हीच निवडा आणि वाढदिवसाला भेट द्या.’ सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मला मान्य आहे. तरीही त्यातले जवळपास प्रत्येक विधान एकतर चूक आहे किंवा अर्धेच खरे आहे, आणि जिच्यावर उद्या जीव अवलंबून राहू शकतो अशा वस्तूच्या बाबतीत अर्धे खरे पुरत नाही. मी टेक्सासमध्ये राहते, शस्त्र बाळगण्याचा परवाना मी रीतसर काढलेला आहे, आणि मला मिळालेले पहिले शस्त्र याच सल्ल्यातून घरात आले होते.

लहान हाताला लहान शस्त्र हे ऐकताक्षणी पटते, कारण बांगडी आणि चप्पल आपण याच न्यायाने निवडतो. शस्त्राला मात्र हा न्याय लागू होत नाही. गोळी जेवढा संवेग घेऊन पुढे जाते तेवढाच संवेग शस्त्राला मागे मिळतो, आणि काडतूस तेच ठेवून शस्त्राचे वजन निम्मे केले, तर हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचे पाच गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर रिकामे असताना सुमारे ४२५ ग्रॅम आणि भरल्यावर ५०० ग्रॅमच्या आसपास भरते, तर ग्लॉक १९ हे मध्यम आकाराचे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल पंधरा गोळ्यांसह सुमारे ८५० ग्रॅमचे असते. शिवाय पिस्तुलात स्लाइड मागे जाते आणि स्प्रिंग दाबली जाते, त्यामुळे तोच धक्का थोडा अधिक वेळ घेऊन हातापर्यंत पोहोचतो. रिव्हॉल्व्हरमध्ये मध्ये काहीच नसल्याने तो सरळ तळहातावर येतो, आणि मूठही इतकी आखूड असते की करंगळीला धरायला जागा उरत नाही. म्हणजे ज्या हाताला सर्वांत कमी धक्का हवा, त्याच हातात आपण सर्वांत जास्त धक्का देणारी वस्तू ठेवतो. पहिल्या दिवशी तिसऱ्यांदा गोळ्या भरेपर्यंत माझ्या अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलवटली होती, पण खरे नुकसान वेगळेच होते: चाप ओढण्याआधीच माझे डोळे मिटू लागले होते. ती सवय एकदा लागली की सोडवायला महिने जातात.

हाताचे माप बघायचेच असेल, तर ते चापाच्या अंतरावरून बघावे. नळी कोपरापासूनच्या हाताच्या सरळ रेषेत ठेवून मूठ धरल्यावर तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर नीट टेकतो का, एवढाच प्रश्न महत्त्वाचा आहे. बऱ्याच पिस्तुलांच्या मुठीची मागची बाजू बदलून हे अंतर कमी-जास्त करता येते. शिवाय २०१८ मध्ये सिग पी३६५ हे छोटे पिस्तूल आल्यापासून अर्ध्या किलोच्या अंगात दहा गोळ्या बसू लागल्या, त्यामुळे लहान पिस्तूल हवे असणाऱ्यांसमोरही आता रिव्हॉल्व्हर हा एकच मार्ग उरलेला नाही.

स्लाइड ओढवत नाही, या विधानातली विसंगती मला सर्वांत जास्त खटकते. अशा रिव्हॉल्व्हरचा चाप प्रत्येक गोळीला साधारण १२ पौंड, म्हणजे जवळपास साडेपाच किलो जोर मागतो. हा जोर शस्त्राच्या स्वतःच्या वजनाच्या दहापटीहून जास्त आहे आणि तो एकट्या तर्जनीने, नळी न हलवता, पाच वेळा लावायचा असतो. ग्लॉकसारख्या पिस्तुलाला याच्या निम्म्याहून कमी जोर पुरतो. दोन हातांनी एकदाच ओढायची स्लाइड जिला झेपत नाही असे आपण म्हणतो, तिलाच आपण हा चाप देतो. स्लाइड ओढण्याचा प्रश्न बहुतेक वेळा ताकदीचा नसून पद्धतीचा असतो: पिस्तूल छातीजवळ घ्यावे, बोट चापापासून लांब आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवावी, डावा पंजा वरून स्लाइडवर घट्ट बसवावा आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकलावी. असे केले की बोटांऐवजी खांदे आणि पाठ काम करतात. मला हे शिकायला दहा मिनिटे लागली. ज्यांची बोटे संधिवाताने खरोखरच कमजोर झाली आहेत, त्यांच्यासाठी स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये शील्ड ईझेड हे सोप्या स्लाइडचे पिस्तूल .३८० काडतुसासाठी आणि २०२० मध्ये नऊ मिलिमीटरसाठी बाजारात आणले. इथे एक सावधगिरी हवी. .३८० हे काडतूस सौम्य असले तरी ते वापरणारी जुन्या, साध्या यंत्रणेची पिस्तुले केवळ स्लाइडच्या वजनावर आणि कडक स्प्रिंगवर चालतात, त्यामुळे त्यांची स्लाइड जड आणि धक्का तीव्र असतो. काडतुसाचे नाव वाचून निर्णय घेऊ नये.

रिव्हॉल्व्हर कमी वेळा अडकते, हे खरे. कधीच अडकत नाही, हे खरे नाही. हलक्या शस्त्राच्या झटक्याने न उडालेल्या काडतुसातली गोळी पुढे सरकते आणि गोळ्यांचे चाक फिरायचे थांबते. रिकामी काडतुसे बाहेर ढकलणाऱ्या भागाखाली दारूचा कचरा साचला तरी तेच होते. पिस्तूल अडकले तर मॅगझीनवर, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीवर, थाप मारून स्लाइड ओढली की बहुधा दोन सेकंदांत चालू होते. चाक अडकले तर तिथल्या तिथे करण्यासारखे फारसे काही नसते.

पर्सबद्दल मला शांतपणे लिहिणे जड जाते. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहो राज्यातल्या हेडन गावी, एका मोठ्या दुकानात खरेदी करणाऱ्या आईच्या पर्समधून तिच्या दोन वर्षांच्या मुलाने पिस्तूल काढले आणि त्यातून सुटलेल्या गोळीने ती आई जागीच गेली. ती पर्स शस्त्रासाठी वेगळा कप्पा असलेली, खास त्यासाठी बनवलेली होती. पर्स आपण खुर्चीला अडकवतो, ट्रॉलीत ठेवतो, मैत्रिणीकडे देतो, आणि चोर पहिल्यांदा तीच ओढतो. शस्त्र अंगावरच असावे आणि चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये, म्हणजे शस्त्राच्या म्यानात, असावे. आता खरी अडचण येते, आणि ती पुरुषांच्या लक्षातही येत नाही: आपल्या बहुतेक कपड्यांना पट्टाच नसतो. लेगिंगवर घातलेला लांब कुर्ता शस्त्र झाकायला उत्तम असतो, पण तो वर घेऊन शस्त्र काढायला दुसरा हात मोकळा लागतो, आणि मूल कडेवर असेल तर तो मोकळा नसतो. म्हणून कपाटातले रोजचे कपडे घालून, रिकाम्या शस्त्रासह, घरी हे करून बघितल्याखेरीज होल्स्टर ठरवू नये. पोटाभोवती बांधायचा पट्टा माझ्या उपयोगी पडला, पण आत कडक कवच असलेलाच.

सरावाचे म्हणाल, तर टेक्सासच्या परवान्याच्या परीक्षेत ५० गोळ्या झाडाव्या लागतात: तीन यार्डांवरून २०, सात यार्डांवरून २० आणि पंधरा यार्डांवरून १०. १ सप्टेंबर २०२१ पासून या राज्यात २१ वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही शस्त्र बाळगता येते, तरी ही परीक्षा द्यावी असे माझे मत आहे, कारण जे शस्त्र ५० गोळ्यांनंतर खाली ठेवावेसे वाटते त्याचा सराव होत नाही, आणि सराव नसलेले शस्त्र ड्रॉवरमध्ये पडून राहते. अनुभवी माणसाला, खिशात ठेवायला, अगदी जवळच्या अंतरासाठी छोटे रिव्हॉल्व्हर चांगले असते, यात वाद नाही. माझा आक्षेप ते नवशिक्याच्या हाती देण्याला आहे. हा समज एकट्या अमेरिकेचाही नाही. भारतात कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये खास स्त्रियांसाठी म्हणून जे ‘निर्भीक’ आणले, तेही सुमारे ५०० ग्रॅमचे, .३२ बोअरचे हलके रिव्हॉल्व्हरच होते.

शेवटी भेटीबद्दल, कारण इथे चूक झाली तर ती कोर्टात जाते. स्वतःच्या पैशाने खरोखरची भेट देणे संघीय कायद्याला मान्य आहे, पण दुसऱ्याचे पैसे घेऊन त्याच्यासाठी खरेदी करताना दुकानात भरायच्या ४४७३ क्रमांकाच्या संघीय फॉर्मवर ‘खरा खरेदीदार मीच’ असे लिहिणे गुन्हा आहे, मग तो दुसरा माणूस पूर्ण पात्र का असेना. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अब्राम्स्की खटल्यात हेच सांगितले. आपल्या लोकांसाठी याहून महत्त्वाचे असे की एच-१बी (नोकरीच्या) आणि एच-४ (त्यांच्या जोडीदाराच्या) व्हिसावरील व्यक्तीला, शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर शस्त्र किंवा काडतूस जवळ बाळगण्यासही मनाई आहे. संघीय कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, आणि हे माहीत असून तिच्या हाती शस्त्र देणारा नवराही तितकाच अडकतो. राज्यांचे नियम आणखी वेगळे आहेत. न्यू जर्सीत पिस्तूल घेणाऱ्याकडे स्वतःच्या नावाचा खरेदी परवाना लागतो, दहापेक्षा जास्त गोळ्यांचे मॅगझीन चालत नाही आणि टेक्सासचा परवाना तिथे मानला जात नाही.

तेव्हा ज्यांना बायकोला मदत करायची आहे, त्यांनी आधी तिला शस्त्र बाळगायचे आहे का हे विचारावे, आणि ती नाही म्हणाली तर तो विषय तिथेच थांबवावा. हो म्हणाली, तर शिकवायला तिसरी व्यक्ती शोधावी, कारण नवऱ्याने शिकवताना चूक सांगणे आणि टोचणे यांतले अंतर फार लवकर संपते. अनेक रेंजवर शस्त्रे भाड्याने मिळतात. तिथे तिने चार-पाच प्रकार चालवून बघावेत आणि नवऱ्याने तोवर मागे उभे राहावे. मी चौथ्या फेरीला निवडलेले पिस्तूल माझ्या नवऱ्याच्या हातात नीट बसत नाही.