घरजावयाची निवड

नवा कॅमेरा घेतलेल्या माणसाचे पहिले पंधरा दिवस सुखाचे जातात. या काळात तो कुंडीतल्या मोगऱ्याचे, शेजारच्या मांजराचे आणि चारभिंतीच्या टेकडीवरून दिसणाऱ्या साताऱ्याचे फोटो काढतो आणि ते बरे आले नाहीत तर ढगांना दोष देतो. सोळाव्या दिवशी कुणीतरी त्याला सांगतं, "भावा, नुसता फोटो काढून काय होतंय? प्लगइन टाकायला लागतंय." तिथून त्याची झोप उडते. (प्लगइन म्हणजे फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरला वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर.)

रात्री जेवणं उरकली की शोध सुरू होतो. फुकटचं घ्यावं तर वाटतं, फुकट आहे म्हणजे काहीतरी खोट असणार. विकतचं घ्यावं तर किंमत डॉलरमध्ये, गुणाकार पुरा व्हायच्या आत छातीत धडधडतं. शेवटी हा गृहस्थ फुकटची अकरा प्लगइनं उतरवून घेतो. त्यातली चार चालू होत नाहीत, तीन काय करतात ते कळत नाही आणि उरलेली चार एकच काम करतात: फोटो केशरी.

प्लगइन हा घरजावई असतो, हे आधी समजून घ्यावं. त्याला स्वतःचं घर नाही, स्वतःची चूल नाही. फोटोशॉप, लाइटरूम क्लासिक, जिंप, अ‍ॅफिनिटी असं एखादं सॉफ्टवेअरचं सासर मिळालं तरच तो उभा राहतो. (काही जावई वेगळी चूलही मांडतात. टोपाझ कंपनीचं फोटो एआय सासरीही राहतं आणि स्वतंत्रही.) तेव्हा "चांगला जावई सुचवा" म्हणण्याआधी मुलगी कुणाच्या घरची, ते सांगावं लागतं. मोबाइलवर काम करणाऱ्यांनी तर हा विषयच सोडावा. मोबाइलच्या लाइटरूममध्ये प्लगइन बसत नाही, प्रीसेट तेवढे बसतात. त्यांनी फुकटचं स्नॅपसीड घ्यावं आणि शांत झोपावं.

प्रीसेट आणि प्लगइन यांची गल्लत तर इतकी होते की 'हजारो प्लगइनचा गठ्ठा' म्हणून विकला जाणारा माल उघडावा तर आत सगळे प्रीसेट. प्रीसेट म्हणजे दुसऱ्यानं लिहून दिलेलं तिखटमिठाचं प्रमाण. भाजी तुमची, तिखट तुमच्याच डब्यातलं, चमचे तेवढे त्यानं ठरवलेले. अ‍ॅक्शन म्हणजे भटजींनी सांगावं आणि आपण मुकाट्यानं करत जावं, तसले ओळीनं विधी. प्लगइन मात्र स्वतःची हत्यारांची पेटी घेऊन येतं. ओळखायचं कसं? फाइलचं आडनाव बघायचं. एक्सएमपी असेल तर लाइटरूमचा प्रीसेट, एटीएन असेल तर फोटोशॉपची अ‍ॅक्शन आणि ८बीएफ असेल तर फोटोशॉपचं खरंखुरं प्लगइन.

आडनाव जुळलं तरी गोत्राचा प्रश्न उरतो. माणसांत सगोत्र नको म्हणतात, इथं उलटं आहे. ६४ बिटच्या फोटोशॉपला ६४ बिटचंच प्लगइन लागतं. ३२ बिटची जुनी ८बीएफ फाइल फोल्डरमध्ये टाकली तर फोटोशॉप भांडत नाही, ओरडत नाही, तिच्याकडं बघतच नाही. 'टाकलं पण दिसत नाही' या तक्रारीमागं बऱ्याचदा हेच असतं. बसवायची रीत सोपी आहे. फोटोशॉप पूर्ण बंद करा, त्याच्याच फोल्डरातल्या 'प्लग-इन्स' या फोल्डरात फाइल ठेवा, पुन्हा चालू करा आणि फिल्टर मेनूच्या अगदी तळाशी पाहा. नाव दिसतंय पण फिकं आहे? मग इमेज मेनूतल्या मोडमध्ये जाऊन आरजीबी आणि ८ बिट निवडा, कारण पुष्कळ जुनी प्लगइनं १६ बिटला किंवा छपाईच्या सीएमवायकेला हात लावत नाहीत. तरीही फिकंच असेल, तर तुम्ही फोटोच्याच लेयरवर, म्हणजे थरावर, उभे आहात का ते पाहा.

आणि प्लगइन चालवण्याआधी फिल्टर मेनूतलं 'कन्व्हर्ट फॉर स्मार्ट फिल्टर्स' दाबा. नाही दाबलं तर प्लगइननं केलेलं त्या लेयरवर कायमचं गोंदलं जातं. दाबलं तर सोमवारी केलेला अतिरेक मंगळवारी नावावर दोनदा टिचकी मारून कमी करता येतो. सगळीच प्लगइनं याला तयार होत नाहीत. त्यांच्यासाठी कंट्रोल-जे दाबून लेयरची प्रत काढावी आणि प्रयोग तिच्यावर करावेत.

लाइटरूमवाल्यांची गोष्ट वेगळी. तिथं बाहेरच्या प्लगइनकडं फोटो पाठवला की बहुतेक वेळा त्याची टिफ प्रत तयार होते, आणि ती जेवायला बसते. २४ मेगापिक्सेलचा फोटो, प्रत्येक पिक्सेलला तीन रंग, १६ बिटमध्ये प्रत्येक रंगाला दोन बाइट: २४ गुणिले ६, म्हणजे १४४ एमबी. एका लग्नातले निवडक ५०० फोटो असे पाठवले तर ७२ जीबी. लॅपटॉप का रांगतोय म्हणून नंतर त्याला फॉरमॅट मारणारे लोक आहेत. दहा-बारा फोटोंपुरतं पाठवा, बाकीच्यांना लाइटरूमच पुरे.

आता फुकट की विकत. या वादातला सगळ्यात बोधप्रद जावई म्हणजे निक कलेक्शन हा प्लगइनांचा संच. निक सॉफ्टवेअर ही कंपनी २०१२ मध्ये गूगलनं घेतली, २०१३ मध्ये सगळा संच १४९ डॉलरला केला आणि मार्च २०१६ मध्ये चक्क फुकट. त्या वर्षी पैसे भरून बसलेल्यांना ते परतही दिले. ऑक्टोबर २०१७ मध्ये तो डीएक्सओ या फ्रेंच कंपनीकडं गेला आणि २०१८ पासून पुन्हा विकत. म्हणजे एकच माल विकत, फुकट, विकत. किंमत आणि गुण यांचं नातं आपण समजतो तितकं घट्ट नाही, ते असं. त्या फुकट आवृत्तीच्या जुन्या फाइली अजून हातोहात फिरतात. पण तिच्यात पुढं दुरुस्ती झाली नाही, त्यामुळे नव्या फोटोशॉपमध्ये ती कधी चालते, कधी रुसते.

खरोखर फुकट आणि खरोखर भरघोस हवं असेल तर जिंप घ्या आणि त्यात जीमिक बसवा. फ्रान्समधल्या कां शहरातल्या संशोधन प्रयोगशाळेत २००८ पासून वाढवलेलं हे एकच प्लगइन आहे, पण आत पाचशेहून जास्त फिल्टर आहेत. नवशिक्याचं दुःख असं की पाचशे पाहता पाहता फोटो कशासाठी उघडला होता ते विसरायला होतं. जिंप ३.० मार्च २०२५ मध्ये आलं आणि २.१० साठी लिहिलेली पायथन या भाषेतली जुनी प्लगइनं त्यात चालेनाशी झाली. तेव्हा उतरवताना आवृत्तीचा आकडा वाचा. शिवाय ३.० मध्ये प्रत्येक प्लगइनला स्वतंत्र फोल्डर लागतो आणि फोल्डरचं नाव आतल्या फाइलच्या नावासारखंच असावं लागतं. जावयाला वेगळी खोली हवी, आणि दारावर त्याच्याच नावाची पाटी.

विकतच्या बाबतीत दोन प्रकार: वर्गणी, नाहीतर एकदाच पैसे. एकदाच म्हणजे जन्मभर, असा अर्थ काढू नये. बहुधा ती आवृत्ती तेवढी तुमची, दोन वर्षांनी फोटोशॉप बदललं की जावई परका. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का, तेही आधी पाहा, आणि वर्गणीची आपोआप कपात होण्याच्या निदान २४ तास आधी बँकेचा जो संदेश येतो तो जाहिरात समजून पुसू नका. राहिला क्रॅकचा, म्हणजे कुलूप फोडलेल्या चोरीच्या मालाचा मार्ग. तिथली पहिलीच सूचना असते, 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' चोरानं दारात येऊन "तेवढं कुत्रं बांधा" म्हणावं, आणि आपण बांधावं!

चाचणीची मुदत मिळते ती मात्र पुरेपूर वापरावी. पण एका वेळी एकच प्लगइन, आणि दरवेळी तेच तीन फोटो: मांडवातल्या अंधारात आयएसओ ६४०० वर काढलेला एक, कासच्या फुलांचा एक आणि जवळून काढलेल्या चेहऱ्याचा एक. पाहायचे १०० टक्के मोठे करून. पडद्यात मावेल एवढ्या आकारात सगळीच प्लगइनं गुणी दिसतात, कांदेपोहे खाताना दिसतो तसा जावई.

यातला कासचा फोटो फार शिकवतो. सप्टेंबरात पठारावर सीतेच्या आसवांचा निळाजांभळा, तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीच्या फुलांचा पिवळा रंग असतो. घरी आल्यावर नवशिक्याला तो पुरत नाही, म्हणून रंग झणझणीत करणारं प्लगइन येतं. मग एखादा रंग २५५ या शेवटच्या आकड्याला जाऊन टेकतो, पाकळीतल्या शिरा नाहीशा होतात आणि फूल प्लास्टिकच्या तोरणातलं दिसायला लागतं. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, उजव्या भिंतीवर चढला की थांबायचं असतं. सगळे रंग सरसकट गडद करणाऱ्या सॅच्युरेशनऐवजी व्हायब्रन्स वापरा, ते आधीच गडद असलेल्या रंगांना कमी छेडतं. धुक्याचंही तसंच. डीहेझ नावाची पट्टी धुकं काढते, पण कासचं धुकं काढून टाकायचं तर तिथं गेलात कशाला? शिवाय ती ओढली की धुक्याआड लपलेले दाणे, म्हणजे अंधारातल्या फोटोवर दिसते ती खरखर, आणि सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके वर येतात. आणि व्हायब्रन्स, डीहेझ, बारीक पोत उठवणारं टेक्श्चर या तिन्ही गोष्टी फोटोशॉपच्या कॅमेरा रॉ फिल्टरमध्ये आधीपासूनच आहेत. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या कच्च्या फाइलमधले दाणे काढणारा एआय डीनॉइजही फोटोशॉपवाल्या अ‍ॅडोबीनं एप्रिल २०२३ मध्ये कॅमेरा रॉ आणि लाइटरूममध्ये दिला. बरं ग्राफिक्स कार्ड नसेल तर एका फोटोला काही मिनिटं घेतो, तेवढ्यात चहा होतो. सासरच्या माणसांनाच जे येतं, त्यासाठी जावई कशाला?

एक क्रम मात्र मोडू नये: आधी दाणे काढणं, मग उजेड आणि रंग, मग आकार लहान करणं, धार, म्हणजे शार्पनिंग, सगळ्यात शेवटी. धार आधी लावली तर प्लगइन दाण्यांनाच धार लावतं, आणि नंतर त्यांना काढायला गेलात तर पापण्याही बरोबर जातात.

तरीही एक जावई सगळ्यांना हवाच असतो: चेहरा गुळगुळीत करणारा. पोर्ट्रेचर हे त्यातलं लग्नाच्या फोटोवाल्यांचं लाडकं नाव. या जातीच्या प्लगइनांची जुनी रीत अशी, की कातडी म्हणजे रंगांचा एक ठरावीक पट्टा समजायचा आणि त्या पट्ट्यात येईल ते मऊ करायचं. मांडवाच्या पिवळ्या कापडाची झाक चेहऱ्यावर पडलेली, हळदीनं हात माखलेले, त्यामुळे हा पट्टा रुंद करावा लागतो. मग नवरीबरोबर तिच्या पैठणीची जर मऊ होते, पाटाचं लाकूड मऊ होतं आणि ताटातला साताऱ्याचा कंदी पेढा, खव्याच्या भाजण्यानं ज्याचा रंग तांबूस आणि अंग रवाळ असतं, तो साबणाच्या वडीसारखा तुकतुकीत होतो. नवरीचं रूप खुललं हे कुणी बोलून दाखवत नाही. पेढा कुठल्या दुकानातला, हे मात्र चारजण विचारतात.

यावर उपाय प्लगइनात शोधू नये. गुळगुळीत केलेल्या लेयरची अपारदर्शकता ४० ते ५० टक्क्यांवर आणा, त्याला लेयर मास्क लावा, बी दाबून ब्रश घ्या, कडा मऊ ठेवा, रंग काळा. त्यानं पैठणीची जर, पाट आणि पेढा पुसून घ्या. मास्कवर काळं फासलं की खालचं खरं दिसतं, पेढा पुन्हा रवाळ होतो; पांढरं फासलं की गुळगुळीत परत येतं. एवढ्यात खुर्चीमागं उभ्या असलेल्या नवरदेवाच्या आत्याबाई म्हणतात, "पेढ्याचं झालं असलं तर जरा माझ्याकडं बघ की, पोरा." अशा वेळी वाद न घालता एक्स दाबावं. ब्रश पांढरा होतो.